सुट्टीवर आलेला बाप (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मागच्या लेखात मी सैनिकाच्या चिकाटीचे गोडवे गायले आणि घरातल्या बापांनी ती शिकावी असं लिहिलं, पण जो माणूस वर्षातले नऊ महिने घरी नसतो त्याच्याकडून कसलं पालकत्व शिकायचं, पोरं तर ती बिचारी बायको एकटी वाढवते.

नऊ महिन्यांचा हिशोब बरोबर आहे. जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, ती पण युनिटनं सोडलं तर. फील्ड पोस्टिंगला (म्हणजे सीमेवर वगैरे) फॅमिली नेता येत नाही, पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) क्वार्टर मिळालं तर सगळे एकत्र. आणि खरं सांगू का, आमच्या साताऱ्याकडे ती सुट्टी तरी पोरांच्या वाट्याला कुठे येते, पेरणी, भावकीतलं लग्न, बांधाचा वाद, तलाठ्याकडे चकरा, की संपली. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ते आले की धाकटी बहीण पहिले दोन दिवस आईचा पदर सोडायची नाही. त्यामुळे जवान म्हणजे आदर्श बाप असं मी म्हणणं शक्यच नाही, लेखातही तसं कुठे नाहीये.

मी लिहिलं होतं ते ड्युटीच्या पाळीबद्दल. सियाचीनवर 1984 पासून आपली माणसं आहेत, आणि तिथे रोज काही गोळीबार नसतो हो, रोज असतं ते बर्फ वितळवून पाणी करणं, बुखारी (उबेची शेगडी) सांभाळणं, एकमेकांची बोटं बधिर होत नाहीत ना बघणं, रात्रीची संतरी ड्युटी. पाळी आली की उठायचं, मला कुणी सांगितलंच नाही हे तिथे चालत नाही. आता आपल्याकडचा बाप बघा, रोज घरी झोपायला असतो आणि म्हणतो "तू सांग ना, मी करतो". म्हणजे लसीची तारीख, उद्याचा डबा, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला आलेला प्रोजेक्ट, हे सगळं लक्षात ठेवायची ड्युटी कायम बायकोचीच. हा माणूस सीमेवर नाही, हॉलमध्ये बसलाय. लेखातला राग त्याच्यावर होता.

बापांना सुट्टीच मिळत नाही हा तुमचा मुद्दा मात्र पटला. 2017 च्या दुरुस्तीनं आईची रजा 26 आठवडे झाली, बापाला केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस, आणि प्रायव्हेटमध्ये कायद्यानं काहीच नाही, कंपनीची मर्जी. पण ज्यांना मिळते त्यातले किती जण रात्री दुपटी बदलायला उठतात हेही विचारा की.

एक गोष्ट अजिबात पटली नाही, ते "बिचारी". आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, दोन लहान मुलं मागे, आणि स्वाती महाडिक चेन्नईच्या ओटीएचं (लष्कराच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचं) खडतर ट्रेनिंग करून सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यांच्याबद्दल कुठेही विषय निघाला की लोक आधी विचारतात, मग मुलं कोण सांभाळतं? कर्नलसाहेब काश्मीरमध्ये होते तेव्हा हा प्रश्न कुणाला पडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कमेंटमध्ये तुम्ही सासूबाईंबद्दलही लिहिलंय, त्यावर वेगळा लेख लागेल, इथे उरकत नाही.