४७ सेकंदांचा आवाज

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. विषय असाच कुठल्यातरी बातमीवरून निघाला होता आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "युद्ध चालू असताना सोशल मीडिया सरसकट बंदच ठेवला पाहिजे. सामान्य माणसाला सगळं कळायची गरजच काय?" खाली एकोणीस अंगठे. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, कणीक भिजवलेली तशीच पडून राहिली, आणि शेवटी इथे येऊन लिहितेय, कारण तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, इथे निदान तुम्ही सगळी माझी माणसं आहात, तुम्हाला पहिल्यापासून समजवायला लागत नाही.

कळायची गरजच काय, म्हणे.

माझी एक रशियन मैत्रीण आहे. जुन्या लोकांना माहितीये, मी रशियन शिकायला दहा महिने तिकडे होते तेव्हा होस्टेलला आम्ही एका खोलीत राहायचो. शहराचं नाव लिहीत नाही, तिचं तर नाहीच, फोटो तर विसराच. आणि हे बघा ना, मी पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या स्वतःच्या वॉलवर लिहितेय तरी मैत्रिणीचं नाव गिळावं लागतंय. एवढा लांब हात पोचतो त्यांचा. ही पोस्टसुद्धा तिला विचारूनच लिहितेय.

ती घरून केकच्या ऑर्डरी घेते. सगळी गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवरची. २०२२च्या मार्चमध्ये तिने एक केक टाकला, मेदोविक, म्हणजे मधाचा, पातळ पातळ थरांचा, आणि वरती क्रीमचे छोटे तारे काढलेले. तीन तारे, मग जरा जागा सोडलेली, मग पाच तारे. मी खाली लिहिलं, "किती सुंदर! रेसिपी दे ना." तिने उत्तरच दिलं नाही. दोन दिवसांनी कुठेतरी वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू. 'न्येत वायन्ये', युद्ध नको. त्यांच्या लिपीत पहिल्या शब्दात तीन अक्षरं आणि दुसऱ्यात पाच. शब्द लिहिले तर पोलीस येणार म्हणून लोक नुसते तारे लिहायला लागले होते, आणि मग काही दिवसांत नुसते तारे लिहिलेला बोर्ड हातात धरला म्हणूनही माणसं उचलायला लागले. कोऱ्या कागदासाठीसुद्धा उचललं. कोरा कागद हो! एक बाई निझनी नोवगोरोदच्या चौकात काहीही न लिहिलेला कागद घेऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही नेलं.

तेव्हा काय काय झालं तेही लोक विसरलेत म्हणून सांगते. रशियाचा युक्रेनवर हल्ला सुरू झाला २४ फेब्रुवारीला, २६ला तिथल्या रोसकोमनादझोर नावाच्या, मीडियावर नजर ठेवणाऱ्या खात्याने मीडियाला कळवलं की 'युद्ध', 'आक्रमण' हे शब्द काढा, 'विशेष लष्करी मोहीम' म्हणायचं. ४ मार्चला कायदाच केला, सैन्याबद्दल 'खोटी' माहिती दिली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग, आणि खोटं काय ते तेच ठरवणार. त्याच दिवशी फेसबुक बंद. १४ला इन्स्टाग्राम बंद. एखो मॉस्कवी हे एवढं जुनं रेडिओ स्टेशन, ते बंद. दोझ्द टीव्ही बंद. नोवाया गझेताच्या संपादकाला, मुरातोवना, जेमतेम पाच महिन्यांपूर्वी नोबेल जाहीर झालं होतं, त्यांचाही पेपर महिनाअखेरीला थांबला. एका महिन्यात. आणि मग ज्यांची तोंडं बंद केली ते सगळे यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर उगवले, कोण कुठल्या देशातून, आणि लोकांनी व्हीपीएन टाकून टाकून त्यांना शोधून काढलं. तुमचा फोन बसलाय रशियात पण नेटला वाटतं की तो हॉलंडात आहे, एवढीच ती गंमत, पण तेवढ्यावर माणसं तगली. माझी मैत्रीण केक न्यायला आलेल्या बायकांच्या फोनवर व्हीपीएन टाकून द्यायची. केक पॅक होईपर्यंत व्हायचं म्हणे काम.

आता मावशीची गोष्ट. खरं तर हीच सांगायला बसलेय.

तिची सख्खी मावशी खारकिवला. खारकिव म्हणजे युक्रेनमधलं, पण सीमेपासून चाळीसेक किलोमीटरवर, सगळे घरात रशियनच बोलणारे, इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या. आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूरला कसं असतं तसं. बॉम्ब पडायला लागले तेव्हा मावशी शेजाऱ्यांबरोबर मेट्रो स्टेशनात जाऊन राहिली, आणि तिथून तिने भाचीला व्हॉइस मेसेज पाठवला, ४७ सेकंदांचा. मी ऐकलाय. सुरुवातीला कुत्रं भुंकतंय, मागे एक लहान मूल पाणी मागतंय, सारखं एकच, पाणी, पाणी, आणि मावशी अगदी हळू, लायब्ररीत बोलावं तशी बोलते, की आम्ही प्लॅटफॉर्मवर आहोत, वरती आमच्या बाजूची बिल्डिंग गेली, बहिणीला सांग मी जिवंत आहे, आणि तिला सांग टीव्ही सांगतोय ते खरं नाही.

मैत्रिणीने तो तिच्या आईला ऐकवला, स्वयंपाकघरात, टेबलावर फोन ठेवून. टीव्ही चालू होता. आई शेवटपर्यंत ऐकत बसली, उठली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सख्ख्या बहिणीचा आवाज हो. म्हणाली, तिच्याकडून कोणीतरी बोलवून घेतलंय, आपली माणसं फक्त लष्करी तळांवर मारा करतायत.

त्या रात्री मैत्रिणीने ती फाइल मला पाठवली. लिहिलं, "तुझ्याकडे ठेव, माझ्या फोनवरून काढून टाकतेय." तेव्हा मॉस्कोत पोलीस रस्त्यात थांबवून लोकांचे फोन उघडून मेसेज वाचत होते, तिला भीती वाटत होती इथेही सुरू होईल. म्हणजे बहिणीने बहिणीला 'मी जिवंत आहे' सांगितलेला आवाज घरात ठेवायची सोय नाही, तो पुण्यात एका परक्या बाईच्या फोनमध्ये. तेव्हापासून मी दोन फोन बदलले, दोन्ही वेळा आधी ती फाइल नीट आली का बघितलं आणि मग बाकीचं.

आणि काका म्हणतात कळायची गरजच काय.

हो, मान्य आहे, टेलिग्रामवर कचराही तेवढाच आहे. युद्धाची टिमकी वाजवणाऱ्यांचेच मोठेमोठे चॅनल आहेत तिथे. आणि सैन्य कुठे चाललंय, तोफ कुठे ठेवलीये याचे फोटो टाकू नयेत हेही मान्य, युक्रेननेही त्याच मार्चमध्ये त्यावर कायदा केला. झालं? पण तोफेची जागा लपवणं आणि मेलेली माणसं लपवणं यातला फरक कळायला काय पीएचडी लागते का? तिथल्या विरोधी नेत्याने, इल्या याशिनने, कुठली तोफ दाखवली होती? त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह येऊन युक्रेनमधल्या बुचामध्ये सामान्य माणसं कशी मारली गेली ते सांगितलं, साडेआठ वर्षं तुरुंग. अलेक्सेई गोरिनोव, मॉस्कोतल्या एका भागाचे नगरसेवक, सभेत विषय निघाला मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा, तर हा माणूस म्हणाला की तिकडे युद्धात मुलं मरतायत आणि आपण कसल्या स्पर्धा घेतोय. तेवढ्यावर सात वर्षं, नंतर वर आणखी तीन. सभेचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर होतं. कोर्टात काचेच्या पिंजऱ्यातून त्यांनी कागद दाखवला, हे युद्ध अजून हवंय का तुम्हाला. साठी ओलांडलेला, तब्येतीने खचलेला माणूस.

आणि ती साशा स्कोचिलेन्को! सेंट पीटर्सबर्गची चित्रकार मुलगी, तिने सुपरमार्केटात जाऊन वस्तूंच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलल्या, पाच चिठ्ठ्या, दर लिहायच्या जागी युक्रेनमधल्या मारिउपोल शहरावर बॉम्ब पडून काय झालं ते लिहिलं. नेट बंद केलंत ना, घ्या, साखरेच्या फडताळावर वाचा. एका म्हाताऱ्या ग्राहक बाईंनी तक्रार केली. सात वर्षं शिक्षा झाली तिला. २०२४च्या ऑगस्टमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली, याशिनही सुटले, गोरिनोव अजून आत आहेत.

हे लिहिताना हात थरथरतायत, जाऊ दे.

आणि हे 'तिकडचं' आहे असं म्हणू नका. माझी आजी आर्वीची. बाजूलाच आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ला, 'चले जाव'च्या आंदोलनात, आष्टी आणि चिमूरला लोकांवर गोळ्या कशा चालल्या ते आजी सांगायची, आणि नंतर फौजेने चिमूरच्या बायकांचं काय केलं ते सांगताना ती आवाज खाली घ्यायची, इतक्या वर्षांनीसुद्धा. तेव्हाही महायुद्ध चालू होतं, तेव्हाही सरकारने युद्धाचंच कारण सांगून बातम्या दाबल्या. गांधीजींच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीसाठी उपोषणाला बसले तर उपोषणाची बातमी छापायलाही बंदी. मग हे लोकांपर्यंत पोचवलं कोणी? मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती, चोरून रेडिओ चालवायचे, ४२.३४ मीटरवर, पोलिसांच्या भीतीने सारखी जागा बदलायची, आणि त्या रेडिओवरून आष्टी-चिमूर सांगितलं गेलं. तीन महिनेसुद्धा पुरते चालला नाही तो रेडिओ. नोव्हेंबरात पकडलं तिला, पुढे येरवड्याला ठेवलं. आपल्या इथून रिक्षाने जाता येईल एवढ्यावर. आज आपण तिला देशभक्त म्हणतो ना? तेव्हाच्या सरकारच्या लेखी तीही युद्धाच्या काळात नको ते सांगणारीच होती. त्या काळातलं व्हीपीएनच ते, दुसरं काय.

अफवांचं म्हणाल तर २०२५च्या मे महिन्यातली, पाकिस्तानशी लढाई चालू असतानाची ती रात्र आठवा. कराची बंदर उडवलं म्हणून कोणी सांगितलं होतं? आपल्या न्यूज चॅनलांनी, लाल पट्ट्या लावून, सायरन वाजवून. खोटं निघालं, कोणाचं काय झालं? आणि त्याच आठवड्यात एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, सांगितलं की ८,०००हून जास्त अकाउंट भारतात बंद करायचे आदेश आलेत, त्यात बातम्या देणारेही होते. सगळेच साधुसंत होते असं मी म्हणत नाही, असतील त्यात पाकिस्तानी प्रचारवालेही. पण ज्यांनी कराची बुडवली ते चालू आणि बाकीचे बंद, हे कसं काय पटतं तुम्हाला?

तीच एकोणीस माणसं, लक्षात आहे मला, २०२२मध्ये सुमी आणि खारकिवच्या बंकरमधून आपल्या मेडिकलच्या मुलांनी व्हिडिओ टाकले तेव्हा ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड करत होती. बर्फ वितळवून पाणी पिताहेत म्हणून सांगणारी मुलं. तेव्हा तर काकाच रडले होते हो. म्हणूनच मला जास्त राग येतोय बहुतेक. काका वाईट नाहीयेत, कोविडमध्ये माझ्या बाबांना ऑक्सिजन लागला तेव्हा हाच माणूस रात्री दोनला सिलिंडर घेऊन आला होता, ते मी जन्मात विसरणार नाही. पण काका, त्या मुलांचे व्हिडिओ बघायची गरज होती तशीच मैत्रिणीच्या आईला तिच्या बहिणीचा आवाज ऐकायची गरज होती. ती सामान्यच बाई आहे. लोणची घालते, टीव्ही बघते.

आणि त्या आईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एका दिवसात काही झालं नाही. वर्षभर दोघी मायलेकी जेवताना बोलायच्या नाहीत. मग त्याच गल्लीतल्या एका मुलाची शवपेटी आली, त्याच्या आईने टीव्हीवर न दाखवलेलं बरंच काही सांगितलं. एक दिवस मैत्रिणीने बघितलं तर आई जेवताना टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसलीये. मग एकदा विचारलं, ते तुझं व्हीपीएन माझ्या फोनवर येतं का. मावशी आता खारकिवला नाही, पोलंडमध्ये असते, गुडघे गेलेत. दोघी बहिणी टेलिग्रामवर रोज बोलायच्या, भांडायच्यासुद्धा.

'बोलायच्या' लिहिलं, कारण २०२५च्या ऑगस्टपासून तिकडे व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम दोन्हीवरचे कॉल अडवायला लागलेत. नवीन फोनमध्ये मॅक्स नावाचं सरकारच्या मर्जीतलं ॲप आधीच घातलेलं येतं, मुलाच्या शाळेचा पालकांचा ग्रुपही आता त्याच्यावर. यूट्यूब त्याच्या आधीच इतकं हळू केलंय की चाकच फिरत बसतं.

आज दुपारी, त्या मेसेजनंतर, मला राहवलं नाही म्हणून मी तिला कॉल लावला. रिंग गेली. तिने उचललाही. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते आणि पलीकडून काही नाही, श्वाससुद्धा नाही. मी मूर्खासारखी हॅलो हॅलो करत राहिले. मग कट झाला, आणि बऱ्याच वेळाने तिचा मेसेज आला:

"तुझा आवाज येत नव्हता. आईला नमस्कार सांगितला तुझा. ती विचारतेय, मावशीचं ते मेट्रोतलं रेकॉर्डिंग तुझ्याकडे अजून आहे का? तिला परत ऐकायचंय."

आहे म्हटलं. लगेच पाठवलं.

चार वाजता पाठवलंय. आता साडेनऊ वाजून गेले, अजून एकच टिक आहे.