खुलासा : चांद्रयानाच्या अँटेना आणि 'अमेरिकेची परवानगी'

'इस्रोला आपल्याच यानाशी बोलायला नासाची परवानगी लागते, आता तसं जागतिक वेळापत्रकच झालंय,' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

बंगळुरूजवळ ब्यालालूला आपला 32 मीटरचा अँटेना आहे. पण चंद्र तिथे मावळला की तो काय करणार? म्हणून चांद्रयान-3 साठी नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या परदेशी केंद्रांची वेळ घेतली होती. आज्ञा मात्र बंगळुरूहूनच जात होत्या.

मग ते 'वेळापत्रक' काय? सीसीएसडीएस ही अंतराळसंस्थांची 1982 पासूनची समिती. तिने 2018 मध्ये वेळापत्रकाच्या फाइलचा एक साधा साचा ठरवला : कोणतं केंद्र, कोणता अँटेना, कोणतं यान, कधीपासून कधीपर्यंत. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्यामुळे चांद्रयान-3 ची 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळी 6.04 ची लँडिंग तिथे 12.34 होते. प्रत्येक संस्थेचा तक्ता वेगळा असला की दर वेळी नवं सॉफ्टवेअर लिहा, नाहीतर हाताने आकडे उतरवा. आणि घोळ होतो तो तिथेच. अँटेना कोणाला द्यायचा हे हा साचा ठरवत नाही, ते दोन संस्थांच्या करारात ठरतं. शिवाय हा साचा म्हणजे एक मानक आहे आणि ते ऐच्छिक आहे. समितीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, स्वतः वाचून बघा.

परदेशी अँटेना वापरले, एवढं त्या मेसेजमधलं खरं. बाकीचं कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.