बाई, तिकडे आत्ता रात्र आहे!

शाळेची सहल परदेशी जाणार, असं प्रार्थनेनंतर जाहीर झालं आणि नववीच्या वर्गाचं शैक्षणिक वर्ष त्याच मिनिटाला संपलं. कागदोपत्री ते अजून चालू आहे. अभ्यासक्रम शिल्लक आहे, घटक चाचणी शिल्लक आहे, आणि या सगळ्या शिल्लक मालावर पहारा द्यायला मी शिल्लक आहे. सहलीची प्रमुखही मीच. भूगोल शिकवते म्हणून. ज्या बाईला अक्षांश-रेखांश कळतात तिला पोराटोरांचे पासपोर्टही सांभाळता येतील, असा शाळेचा तर्क असावा.

देश कोणता ते सांगत नाही, कारण मुलांनाही त्यात फारसा रस नाही. घोषणेनंतर पहिला प्रश्न आला तो ‘खोलीत कोण कोणाबरोबर?’ हा. मग वायफाय. मग ‘रात्री किती वाजता झोपायचं?’ आणि त्याला जोडून, किंचित खालच्या आवाजात, ‘तुमची खोली त्याच मजल्यावर असणार का, बाई?’ आपण नेमकं कुठे चाललोय ही चौकशी सगळ्यात शेवटी झाली, तीही हॉटेलात पोहायचा तलाव आहे का, या संदर्भात. मी मेहनतीने बसवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत दोन संग्रहालयं, एक जुना किल्ला आणि एक वेधशाळा आहे. मुलांनी ती शेवटपर्यंत वाचली हे मान्य करायला हवं. कारण तळाशी बारीक अक्षरात ‘मोकळा वेळ : 45 मिनिटे’ असं छापलंय, हे मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेला कळलं होतं. त्या 45 मिनिटांत काय करायचं याच्या आता तीन परस्परविरोधी योजना तयार आहेत. त्यातल्या सगळ्यात साध्या योजनेलाही सव्वातीन तास लागतील.

पासपोर्टांनी माझा पहिला महिना खाल्ला. बरेच देश पासपोर्टची मुदत अजून किमान सहा महिने उरलेली असावी अशी अट घालतात. त्यामुळे ‘आहे की पासपोर्ट!’ असं ऐटीत सांगणाऱ्या अर्ध्या घरांत फोटोचं पान उघडून मुदतीची तारीख वाचल्यावर शांतता पसरली. जे पासपोर्ट चालू होते त्यांतले फोटो जुने. फोटोतलं गोबऱ्या गालांचं बाळ आणि समोर उभा असलेला, आवाज फुटलेला लांबोडा इसम यांचा संबंध मलाच लागेना. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला काय लागणार? नवे फोटो काढायचे तर चेहरा कोरा हवा, तोंड मिटलेलं, नजर समोर. यंत्राला चेहरा ताडून बघायचा असतो, त्यात हसू नडतं. पूर्वी असं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला पासपोर्टवर फोटो येऊ लागले तेव्हा टोपी घालून किंवा कुटुंबाच्या घोळक्यात काढलेलेही चालत. आता आनंदाने फुटायला आलेल्या पोरांना ‘हसू नका’ म्हणायचं, म्हणजे ती आणखी हसणार. माझ्या तासाला मात्र हाच चेहरा त्यांना विनासायास जमतो. शेवटी मी फोटोग्राफरला सुचवलं, कॅमेऱ्याशेजारी भूगोलाचं पुस्तक धरा. पटापट झाले फोटो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी 44-44 खुणांच्या दोन ओळी असतात, यंत्राने वाचायच्या. नाव आखूड असलं की उरलेली जागा बाणांच्या टोकांसारख्या चिन्हांनी भरून काढतात. एकाने ती मोजून, आपल्याला मित्रापेक्षा जास्त बाण मिळालेत, म्हणजे आपला पासपोर्ट वरच्या दर्जाचा, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मित्राची आई मला भेटायला आली.

पण हे सगळं परवडलं. खरा छळ घड्याळांनी केला. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, हे मी दरवर्षी शिकवते, आणि फळ्यावरून पुसण्याआधी ते डोक्यांतून पुसलं गेलेलं असतं. यंदा कोणी न सांगता सगळ्या वर्गाने हा हिशेब केला आणि मनगटावरची घड्याळं तिकडच्या वेळेवर लावून टाकली. मला भरून आलं होतं. मग पहिल्याच तासाला शेवटच्या बाकावर एकजण गाढ झोपलेला दिसला. हलवला, तर डोळे न उघडता म्हणाला, “बाई, तिकडे आत्ता रात्र आहे.” जेटलॅगची पूर्वतयारी म्हणे! वाईट असं की शास्त्र त्याच्या बाजूने आहे. तासाभराच्या फरकाला साधारण एक दिवस असा शरीराचा ढोबळ हिशेब असतो आणि आधीपासून झोपेची वेळ थोडी थोडी सरकवली तर त्रास कमी होतो. फक्त ही तयारी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी करायची असते, दोन महिने आधी नाही. आणि सरकवायची असते ती रात्रीची झोप; भूगोलाचा तास नव्हे. पाठोपाठ गृहपाठाच्या वह्या यायच्या थांबल्या. का, तर तिकडे अजून कालचाच दिवस चालू आहे, मुदत उद्याची आहे.

मी त्यांना मॅगेलनच्या मोहिमेची गोष्ट सांगितली. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घालून ती माणसं 1522 साली केप व्हर्ड बेटांना लागली, तेव्हा जहाजावरच्या नोंदीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोज न चुकता नोंद केलेली, तरी एक अख्खा दिवस गायब. वर्ग कधी नव्हे इतका शांत झाला. मला वाटलं, आंतरराष्ट्रीय वाररेषा का लागते ते आता आपोआप कळेल. एक हात वर आला. “म्हणजे बाई, त्या गुरुवारचा गृहपाठ माफ ना?”

त्याच मोहिमेची आणखी एक आकडेवारी मला अलीकडे रात्री आठवते. निघाले होते सुमारे 270 जण. व्हिक्टोरिया जहाजातून स्पेनला परतले 18. आमच्या मुख्याध्यापकांना हे प्रमाण चालणार नाही. पालकसभेत तर नाहीच नाही. मोहिमेचा प्रमुख स्वतः परतलाच नाही, 1521 मध्ये आजच्या फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर मारला गेला. हा तपशील मी वर्गाला सांगितलेला नाही. उगाच कल्पना नकोत.

डोकी मोजायचा सराव आम्ही मैदानावर करतो. मुलांना मोजणं म्हणजे उकळत्या पाण्यातले बुडबुडे मोजणं. एकदा आमची बेरीज जास्त भरली. सहलीला न येणारा आठवीतला एक मुलगा ‘बघू खपतंय का’ म्हणून रांगेत उभा होता.

विमानात खिडकी कोणाला, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे न्यावा अशा पायरीला आलाय. आमच्या विमानात एका ओळीत तीन-तीन अशा सहा खुर्च्या. त्यांतल्या दोनच खिडकीच्या. म्हणजे तिघांत एक. वर्गातल्या प्रत्येकाला मात्र ‘मला खिडकी ठरलीये’ असं वाटतं, आणि चौकशी केली तर ठरवणारी मीच निघते. मग देवघेव सुरू झाली. जातानाची खिडकी घे, येतानाची मला दे. अर्धा तास खिडकीच्या बदल्यात विज्ञानाच्या दोन आकृत्या. एका हुशाराने आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा जास्त असते, हे शोधून काढलं. तिथे मुलांना बसवत नाहीत, प्रसंग आला तर दार उघडू शकेल असं मोठं माणूस लागतं, असं मी सांगितलं. तो सहानुभूतीने म्हणाला, “मग तुम्हालाही नाही मिळणार, बाई. तुम्हाला प्रयोगशाळेचं दारसुद्धा उघडत नाही.”

सामानाच्या नियमांनी आमच्या विज्ञानाच्या सरांचं मन दुखावलं. 2006 साली द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा एक कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या बॅगेतल्या द्रवावर बंधन आलं. बहुतेक ठिकाणी अजूनही 100 मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. आता द्रव म्हणजे काय? तर टूथपेस्टही द्रव, जॅमही द्रव, केसांचं जेलही द्रव. “मी पाचवीपासून यांना पदार्थाच्या अवस्था शिकवतोय,” सर हताशपणे म्हणाले. उलट गणिताच्या बाईंचं नशीब उजळलं. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत घालता येत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, तीही साधारण 100 वॅट-अवरपर्यंतचीच. वेष्टनावर आकडा मिलिअँपिअर-अवरमध्ये. मग त्याला व्होल्टने गुणा, हजाराने भागा. 20,000 गुणिले 3.7 भागिले 1000 : 74 वॅट-अवर. दशांशचिन्ह दिसलं की पोटात दुखायचं अशी मुलं हे तोंडी करतात. घटक चाचणीतही त्यांनी तोंडीच केलं असतं, पण तिथे प्रश्न पाण्याच्या टाकीचा होता, आणि टाकी विमानात नेता येत नाही.

वर्गातले काहीजण येणार नाहीत. कारणं घरोघरची, त्यावर मला विनोद सुचत नाही. पण गंमत अशी की सहलीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांच्यातल्याच एका मुलीचा असतो. कुठल्या देशात प्लगला किती पिना, बॅगेचं वजन 23 किलोच्या वर गेलं तर काय, सगळं तिला पाठ. भांडणं माझ्याकडे न येता तिच्याकडे जातात. मीही जाते. परवा तिने माझी बॅग भरायची यादी वाचून दोन स्वेटर कापले.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दीड हजारांवर लोकांना सुट्टीच्या आधी आणि नंतर विचारून बघितलं होतं. सुट्टीला जाणारे लोक निघण्याआधीच इतरांपेक्षा जास्त खूश होते. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. माझ्या वर्गाकडे बघून मला हे तंतोतंत पटतं. यांची सहल केव्हाच सुरू झालीय. विमान ही नंतरची औपचारिकता. त्या अभ्यासात सहलप्रमुख शिक्षकांना कोणी वेगळं विचारलं असेल असं वाटत नाही. आमचा आलेख उलटा असतो. आमचा आनंद सुरू होतो तो शेवटचं मूल पालकांच्या गाडीत बसून दार लागल्यावर.

तूर्त प्रश्न पालकांच्या ग्रुपचा आहे. विमान शनिवारी पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी सुटतं. मी लिहिलं, शुक्रवारी रात्री साडेदहाला विमानतळावर हजर राहावे. लगेच विचारणा आली, विमान शनिवारचं आहे ना, मग शुक्रवारी का? मी समजावलं : रात्री बारानंतर तारीख बदलते. त्यावर पंधरा अंगठे आले आणि एक प्रश्न, “ही आपल्याकडची तारीख की तिकडची?” तेवढ्यात कोणीतरी सोपं करून सांगितलं, “अहो, शनिवारी रात्री या.” त्याला वीस अंगठे. मी पुन्हा ठळक अक्षरात शुक्रवार लिहिला. एक वडील म्हणाले, “बाई, आधी नक्की ठरवा, मग कळवा.”