“दादा, यातली गोड कुठली?”

परवा संध्याकाळी आमच्या भागातल्या एका वाईन शॉपमध्ये गेले होते. जाळीच्या आत तीन पोरं, बाहेर पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे हात पुढे. माझ्या पुढे साठीच्या आसपासच्या एक मावशी होत्या, हातात कापडी पिशवी. लेक-जावई यायचे होते आणि जावयांना वाईन आवडते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, “दादा, यातली गोड कुठली?” पोराने मान वर न करता उलट विचारलं, “कितीपर्यंतची देऊ?”

मावशी गप्प झाल्या. त्याने दर्शनी काचेतली एक रेड काढून कागदात गुंडाळली. त्या काचेवर रोज दुपारी ऊन येतं, हे मला माहीत आहे. मी मध्ये काही बोलले नाही आणि ते मला दोन दिवस टोचतंय.

मी चार वर्षं नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये काम केलंय. ग्लासात जेमतेम तीस मिली ओतायची, अशा पाच वाईन एकामागून एक, शेजारी थुंकायला भांडं. (हो, थुंकायचं असतं. चव घेणं आणि पिणं ही दोन वेगळी कामं आहेत.) लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “गोड आहे का?” या प्रश्नाला हसणारी मंडळी मला कधीच आवडली नाहीत. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घ्यायचंय आणि तोंड कडू होईल अशी धास्ती आहे. त्याने याहून सरळ काय विचारावं?

मी त्यावर विचारायचे, “चहा कसा घेता?” दूध-साखर बेताची आणि चांगला उकळलेला, असं म्हणाले की रेडकडे न्यायचं. चहा जास्त उकळला की जिभेवर, हिरड्यांवर तुरटपणा बसतो ना, तसाच रेडमध्येही असतो, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला. तो चहात चालत असेल तर इथेही चालतो. भरपूर दुधाचा, गोडसर चहा पिणाऱ्याला थोडी गोडी राखलेली शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन द्यायची, गार करून. दहातल्या आठ वेळा हा अंदाज बरोबर यायचा.

आम्हाला पाठ करायला एक कार्ड दिलं होतं. त्यावर वाईनमधले वास: गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडर. सिन्नरहून आलेल्या माणसाने ब्लॅककरंट कुठे खाल्लंय? मी दुसऱ्या महिन्यात ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. सोव्हिन्यों ब्लां ही व्हाईट म्हणजे नुकता चिरलेला पेरू आणि देठ मोडलेली हिरवी मिरची. कॅबर्ने या रेडमध्ये कधी कधी चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. शिराझ, तीही रेडच, म्हणजे जांभूळ आणि वरून काळी मिरी. एकदा निफाडचे एक काका शिराझचा ग्लास नाकाशी धरून तसेच थांबले आणि बायकोला म्हणाले, “अगं, आपल्या बांधावरची जांभळं.” काकूंनीही वास घेतला, म्हणाल्या, “मिठाशिवायची.” इतकं नेमकं वर्णन मी छापील कार्डावर कधी वाचलं नाही. चवीसाठी आपल्या भाषेत शब्द आहेत, आणि तुरट, आंबूस, तिखट हे वेगळं ओळखणारी जीभही आहे. दुकानात ते शब्द कोणी वापरत नाही, एवढंच.

बिअरचंही तेच. पुण्यात २००९ साली डूलली सुरू झालं आणि मायक्रोब्रुअरी, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर बनवणारी छोटी जागा, हा शब्द आपल्या तोंडी आला. तरी आजही दुकानात “स्ट्राँग का माइल्ड?” याच्या पुढे संभाषण जात नाही. गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंगेचा वास येतो, तेव्हा लोकांना वाटतं इसेन्स घातलाय. घातलेला नसतो. त्या जातीचं यीस्टच आंबताना तो वास तयार करतं. हे एक वाक्य सांगितलं की माणूस दुसरा घोट वेगळ्या लक्षाने घेतो. ज्याला कारल्याची भाजी मनापासून आवडते त्याला आयपीए ही कडवट बिअर द्या, ज्याला नाही त्याच्या गळ्यात मारू नका. आणि तारीख बघून द्या. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांचा वास सगळ्यात आधी उडतो. उन्हाळाभर गोदामात तापलेल्या आयपीएत नुसता कडवटपणा उरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

वाईनवर तर उष्णतेचा राग निघतो. मी स्वतः आणलेल्या एका बाटलीचं बूच वर सरकलेलं होतं आणि फॉइलखाली मानेवर चिकट ओघळ वाळला होता. आत शिजवलेल्या मनुकांचा वास, फळ संपलेलं. बाटली परत घेतली नाही, तो भाग सोडून देते. पण हीच बाटली ज्याच्या आयुष्यातली पहिली असेल, तो म्हणणार, “आपल्याकडची वाईन काय खरी नाही.”

हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागतं, कारण आमची दिंडोरीला बाग आहे. अण्णा माळकरी. थेंबाला शिवलेले नाहीत. पण वाईनची द्राक्षं ते लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी, मग जानेवारीपासून रोज सकाळी बागेत फेरी. मण्याची साल बोटाने चोळून बघतात, मग मणी खाऊन बी दाताखाली फोडतात. बी हिरवट असलं की “अजून आठ दिवस”. तपकिरी होऊन कुरकुरलं की फोन करतात. खायच्या द्राक्षापेक्षा हा मणी लहान, सालीला जाड, बीचा. त्याचं सगळं मोल त्या सालीत आणि बीत. वर्षभराची ही राखण दुकानाच्या काचेत आठ दिवसांत वाया जाते.

२००० साली नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन बाजारात आली तेव्हा मी शाळेत होते. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, बागा वाढल्या, अकलूजकडे फ्राटेली उभी राहिली, पुण्यात मूनशाईन आणि नाशकात सेराना मधापासून मीड नावाची दारू करायला लागले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विरोध करणाऱ्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, दारूने उठलेली घरं मीही पाहिली आहेत. पण कुठे विकायची यावर भांडताना, विकणाऱ्याला त्यातलं काय कळतं हे एकानेही विचारलं नाही. वाईन शॉपात सीलबंद बाटलीच विकायची, गिऱ्हाइकाला तिथे चाखायला मिळत नाही. मग निदान विकणाऱ्याने तरी चाखलेली असायला हवी.

काल त्याच दुकानात परत गेले, दुपारी, गर्दी नसताना. मालकांशी बोलले. म्हणाले, “ताई, मी घेत नाही, पोरांना कोण शिकवणार?” त्या पोराला मी वहीच्या पानावर लिहून दिलं. शेनिन: पेरू, मध, किंचित गोड, मिसळीबरोबर चालेल. सोव्हिन्यों: कैरी, हिरवी मिरची, तळलेल्या सुरमईबरोबर. शिराझ: जांभूळ, मिरी, मटणाबरोबर, पण रस्सा झणझणीत असेल तर नको, तोंड जास्त भाजतं. रेड घेणाऱ्याला सांगायचं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण आपल्याकडची खोली म्हणजे युरोपातली खोली नव्हे.

त्याने पान दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, “आणि ती गोड पाहिजे म्हणतात त्यांना?” मी शेनिनवर बोट ठेवलं.

व्हाईटच्या सहा बाटल्या त्याने लगेच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवल्या. रेडच्या अजून काचेतच आहेत, मालक म्हणतात शो जातो. शनिवारी परत जाणार आहे.