पातेरा आणि बर्फ

कौलारू छपराचे सारे शास्त्र एवढेच, की पाणी वरून खाली जाते. म्हणून कौले वळचणीकडून आढ्याकडे लावत न्यावीत आणि वरच्या कौलाने खालच्याची कड झाकावी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्या कौलांनाही हेच गणित लागू होते. मात्र रत्नागिरीकडचे वानर त्यात धरलेले दिसत नाहीत. त्यांच्या एका उडीने कौल दोन बोटे सरकते आणि मिरगाच्या पहिल्याच सरीला नेमकी देवघरातली समई विझते.

तरीही वानर परवडले, इतका पातेरा वाईट. दोन पाखी मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत फणसाची पाने साचतात, पाणी तुंबते आणि फुगत फुगत कौलांच्या कडेवरून आत उतरते. तिथून ते वाशावरून घरंगळत भलत्याच खोलीत टपकते, आणि आपण मात्र थेंबाच्या बरोबर वरचे निरपराध कौल बदलत बसतो.

मिनेसोटातल्या भाच्याने जानेवारीत त्याच्या वळचणीला लटकणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांचा फोटो पाठवला, तेव्हा घरात सर्वांनी कौतुक केले. पुढे त्याचा घाबरा फोन आला. "मामा, बाहेर उणे वीस आहे आणि भिंतीतून पाणी येतंय!" घरातली ऊब माळ्यात निसटून छप्पर तापवते, वरचा बर्फ वितळतो, पाणी भिंतीबाहेरच्या थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठते आणि त्या बांधामागे तुंबलेले पाणी शिंगल्सखाली, म्हणजे तिकडच्या कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्यांखाली, शिरते, असे निदान झाले. थोडक्यात, पातेराच, फक्त पांढरा.

माझ्या बहिणीने फोनवरूनच कुऱ्हाडीचा उपाय सुचवला. त्याने शिंगल्स फुटतात, असे कळल्यावर ती मिठाच्या पोत्यावर आली. पण मिठाने पन्हळीचा पत्रा गंजतो आणि खालची झाडे मरतात. खरा इलाज म्हणजे माळ्यात घुसणाऱ्या दिव्यांच्या आणि पाइपांच्या भोवतालच्या फटी बुजवणे, त्यावर जाड इन्सुलेशन पसरणे आणि वळचणीतून घेतलेली हवा आढ्यापाशी बाहेर सोडणे. घर तापवायला पैसे मोजायचे आणि छप्पर गार ठेवायलाही पैसे मोजायचे, हा हिशेब बहिणीला अद्याप पटलेला नाही. तोवर जमिनीवरूनच लांब दांड्याच्या फावड्याने बर्फ ओढायचा, एवढे भाच्याने मान्य केले आहे.

आमच्याकडे शाकारणीला येणारा गडी दर मे महिन्यात पन्हळ साफ करून, फणसाची ती फांदी तोडा, असे बजावतो. त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पण फणस कापा आहे, आणि घरात फांदीच्या बाजूने मते जास्त पडतात.