महाप्राण

माझ्या लॅपटॉपचे महाप्राण गेले. प्राण तेवढे शाबूत राहिले.

हे जरा नीट सांगायला हवं. मी गोव्यात फोंड्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि गेली वीस वर्षं इन्स्क्रिप्टने टंकतो. इन्स्क्रिप्ट हा सरकारी असूनही शहाणा कीबोर्ड आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बटण नुसतं दाबलं की क, त्यालाच शिफ्ट लावली की ख. गचा घ, बचा भ, दचा ध, सगळं तसंच. आणि उजव्या हाताचं अक्षर मारायचं तर शिफ्ट डाव्या करंगळीने धरायची, हा टंकलेखनाचा धर्म. 2024 च्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खात खात उत्सवी नाटकाची प्रत टंकत बसलो. सारण सांडलं. चार दिवसांनी मुंग्यांनी डाव्या शिफ्टखाली बिऱ्हाड केलं, आणि ती शिफ्ट जी बसली ती बसलीच.

त्यामुळे ख, घ, झ, ध, भ हे महाप्राण, म्हणजे ह मिसळलेली व्यंजनं, सगळे गेले. त्यांच्या पंगतीला बसलेले श, ळ आणि ऱ हेही बिचारे गेले, जे महाप्राण नव्हतेच. नववीच्या निबंधाचा विषय टंकला, ‘माझी शाळा’. पडद्यावर उमटलं, ‘माजी साला’. मुख्याध्यापकांचे मुक्याद्यापक झाले, आणि शिक्षक खोलीत त्यावर कुणाचीच हरकत दिसली नाही. फोंड्याचं पोंडा झालं. पोर्तुगिजांनी हेच करून ठेवलंय, त्यांचीही डावी शिफ्ट बंद असणार.

“उजवी शिफ्ट आहे ना?” असं आमची ही म्हणाली. आहे. पण उजव्या करंगळीने शिफ्ट धरून त्याच हाताने भ मारायचा म्हणजे एका हाताने नारळ धरायचा आणि त्याच हाताने तो सोलायचा.

तरी मी निभावून नेलं असतं. श्रावणातल्या भजनी सप्ताहाने घात केला. देवळाच्या समितीत पत्रिका टंकायचं काम दर वर्षी माझ्याकडे असतं, कारण मराठीचा सर मी एकटा आणि फुकट. पहिल्या मसुद्यात ‘बव्य बजनी सप्ताह’ आलं, ते सुधारलं. महाप्रसादाच्या यादीत खतखतें ‘कतकतें’ झालं होतं, तेही सुधारलं. शेवटची ओळ होती, ‘आचाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार’. शाल नीट केली, श्रीफळ नीट केलं आणि पत्रिका छापखान्यात धाडली. बाकीच्या चुका डोळ्यांत खुपल्या होत्या. ही खुपली नाही, कारण ऱचा र होऊन जो शब्द तयार झाला तोही शुद्धच होता.

सांगतेच्या दिवशी अध्यक्षांनी माइकवर पत्रिकेत होतं तेच वाचलं, “आता आचार्यांचा सत्कार.” कीर्तनकारबुवा पहिल्या रांगेतून उठले, उपरणं सारखं केलं आणि शाल अंगावर घेऊन मोकळे झाले. पंचवीस वर्षं महाप्रसाद रांधणारे आमचे आचारी खांबाआड उभे होते. नवा सदरा घातलेले, केस तेल लावून चापून बसवलेले. ते काही बोलले नाहीत. दुपारी पंगतीत मणगणें, म्हणजे आमची चणाडाळीची खीर, वाढत आले. माझ्या पानापाशी डाव आला, जरासा थबकला, आणि तसाच पुढे जाऊन शेजाऱ्याच्या पानात रिकामा झाला.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप दुरुस्तीला नेला. एकटं बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो, आणि त्या मॉडेलचा आता येत नाही, असं कळलं. मग बाहेरून यूएसबीचा कीबोर्ड जोडला. त्याने लॅपटॉप दुमजली झाला आणि मांडीवर मावेनासा झाला. तेवढ्यात 14 ऑक्टोबर 2025 उजाडला आणि विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज 11 घ्यायची तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा तरी लागतो आणि आत टीपीएम 2.0 नावाची, किल्ल्या सांभाळणारी चिप लागते. माझा प्रोसेसर पाचव्या पिढीचा. आता भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरातसुद्धा पाचव्या पिढीकडे किल्ल्या उरत नाहीत, तिथे याची काय कथा. दिवाळीचा नरकासुर जाळायला सहा दिवस होते. वाड्यावरची पोरं असुराला कागद चिकटवत होती. लॅपटॉपही त्याच्या पोटात घालावा असं एकदा मनात येऊन गेलं.

संस्थेतली आरडी पिकली होती. “चाळीस हजार,” हिने सांगितलं. “त्यावर एक पैसा नाही. आणि पिशवी फुकट देतात, ती मागून घ्या.”

मी तीन माणसांना विचारलं, आणि चूक केली.

लॅपटॉप कोणता घेऊ, असं विचारलं की माणूस आपलं कुलदैवत सांगतो. कुणी मंगेशाचा, कुणी शांतादुर्गेचा, ते जन्माने ठरतं, त्यात तुलना नसते. तसाच पर्वरीला नोकरी करणारा माझा भाचा ॲपलच्या मॅकचा. “मामा, एकदा घे, मग वर्षानुवर्षं बघायला नको.” त्याने एम 4 चा मॅकबुक एअर दाखवला. देखणा होता. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. आत 16 जीबी मेमरी. पण ती पुढे वाढवता येत नाही, घेताना जी घ्याल तीच. मी किंमत विचारली. “नव्याण्णव हजार नऊशे. पण मामा, बारा हप्ते केलेस तर महिन्याला आठ हजार तीनशे पंचवीसच पडतात.” तो ‘च’ मला फार आवडला. मी मनात भागाकार केला. माझ्या चाळीस हजारांत जेमतेम पावणेपाच महिन्यांचा मॅक येत होता.

मेव्हणा लिनक्सवाला, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा भक्त. कॉलेजात शिकवतो, आणि लिनक्सविषयी बोलताना त्याचा आवाज आरतीच्या पट्टीत जातो. फोनवर “काही घेऊ नका, मी येतो” म्हणाला आणि रविवारी पेनड्राइव्ह घेऊन जेवायलाच आला. इसवणाची कडी येईपर्यंत त्याने 1991 सालचं हेलसिंकी विद्यापीठ संपवलं, जिथे लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हे हौसेखातर सुरू केलं. मग लिनक्सच्या घराण्यांची वंशावळ आली. डेबियनपासून उबंटू झाला, उबंटूपासून मिंट. डेबियन हे नाव कसं पडलं, तर इयन नावाच्या कर्त्याने प्रेयसी डेब्राचं नाव आपल्या नावाला जोडलं. एवढं ऐकल्यावर आमच्या हिने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, “मग त्यांचं लग्न झालं का?” झालं होतं, पुढे मोडलंही. पण मेव्हण्याला तो विषय नको होता.

“भावोजी, हे फुकट आहे आणि आत्ता चालतं,” असं म्हणून त्याने पेनड्राइव्ह लावला. खरं सांगतो, चाललं. काही बसवावं लागलं नाही, पेनड्राइव्हवरूनच अख्खं मिंट उभं राहिलं, आणि जो लॅपटॉप सुरू व्हायला मला चहा करून प्यावा लागे तो ताडकन जागा झाला. मेव्हण्याने इन्स्क्रिप्टही लावून दिलं. “टंका काहीही!”

मी टंकलं, ‘माझी शाळा’.

माजी साला.

तो माझ्याकडे बघायला लागला. आता नात्याने तो माझा तोच लागतो, पण माजी कसा, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शिफ्टचं समजावून सांगेपर्यंत कडी निवली.

गणिताच्या बाईंकडे क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, आहे. बाईंचं म्हणणं सरळ होतं: स्वस्त आहे, व्हायरसची कटकट नाही, शाळेचं सगळं ब्राउझरमध्येच तर असतं, आणि दहा वर्षं आपोआप अपडेट मिळतात. मी जवळजवळ तयार झालो. मग बाईंनीच, गणिताच्या असल्यामुळे, पुढची ओळ वाचली. ती दहा वर्षं आपण बिल केल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या बनावटीवर उभं आहे ती बाजारात आल्यापासून मोजतात. हे मला कुठल्याही पुस्तिकेशिवाय कळलं. मासा तुम्ही आज घेतलात याला अर्थ नाही. तो बर्फात कधीपासून आहे ते महत्त्वाचं.

आणि इथेच माझं दुःख आहे. फोंड्याच्या बाजारात मी माशाला फसत नाही. पाटीसमोर उभा राहतो, कल्ला उचलतो, लाल आहे का बघतो, बोट दाबतो, खड्डा भरून येतो का बघतो. “ताजें आसा बाब, पळय!” असं मासळीवाली म्हणत असताना मी दुसऱ्या पाटीकडे निघालेलो असतो, आणि ती दर उतरवते. लॅपटॉपला कल्ला नसतो. सगळे काळे किंवा करडे, सगळ्यांच्या अंगाला चिकटवलेले चार-चार स्टिकर, आणि आतलं ताजं आहे की बर्फातलं हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक, तेही कधीकधी.

मडगावच्या एका दुकानात ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने छत्तीस हजारांचा एक दाखवला, बाकी सगळं तेच आणि चार हजारांनी स्वस्त. “ह्यात डॉस आहे, सर.” म्हणजे विंडोज नाही, नावाला फ्रीडॉस घालून दिलेलं. “विंडोज मी टाकून देतो ना, पाचशे द्या.” पाचशेत कुठली विंडोज येते, हे त्याला विचारलं तर त्याने ती विचारायची गोष्ट नव्हे अशा नजरेने पंख्याकडे पाहिलं. तीस मुलांना शुद्धलेखनाचे गुण देणारा माणूस चोरीच्या विंडोजवर बसून प्रामाणिकपणावर निबंध घालणार, हे जमेना. बाहेर पडलो.

शेवटी पणजी, अठरा जून रस्ता. दुकानात एसी, आणि सगळे लॅपटॉप उघडे मांडलेले. पोरगा पुढे आला.

“गेमिंग करणार, सर?”

“भजनी सप्ताहाची पत्रिका करणार.”

“म्हणजे ग्राफिक्स.”

मी त्याला माझी परीक्षा सांगितली. मला प्रत्येकावर दोन शब्द टंकून बघायचेत: दर्या आणि दऱ्या. एक मिरामारला आहे, दुसऱ्या चोर्ल्याच्या घाटात. ज्या यंत्राला हा फरक कळतो ते माझं. त्याने मला मराठी कीबोर्ड लावून दिला. म्हणजे तो म्हणाला मराठी नाहीच, मी सेटिंगमध्ये शिरून काढून दाखवला. विंडोजवर दोन्ही शब्द बिनचूक आले. मॅकवर आले. मिंटवर तर मेव्हण्याने बाहेरचा कीबोर्ड जोडून आधीच दाखवले होते. वीस वर्षांपूर्वी ज्या ऱ्यासाठी मी रडलो, तो आता सगळीकडे फुकट पडलेला होता. आनंद व्हायला हवा होता. पण निकष एकच आणि सगळे पास. मराठीच्या परीक्षेत असं कधी होत नाही.

मग मी डोळे मिटले आणि करंगळीने ठरवलं. एकेका लॅपटॉपसमोर उभा राहून डावी शिफ्ट दाबत गेलो. एकाची आखूड, शेजारी भलतंच बटण घुसवलेलं. एकाची लांब पण मऊ, भिजलेल्या पापडासारखी. तिसऱ्याची रुंद, टणक, दाबली की ‘टक्’ म्हणून उत्तर देणारी. पोरगा प्रोसेसर सांगत होता, रिफ्रेश रेट सांगत होता. मी तिथेच उभा राहून भ, भ, भ, ध, ध, झ करत होतो. बाजूच्या मॅकसमोरची बाई दोन पावलं सरकली.

तो विंडोज 11 चा निघाला, 8 जीबी आणि 512 ची एसएसडी, एकोणचाळीस हजार पाचशे. आमचा छापखानावाला अजून जुन्या फाँटच्या फायली मागतो, त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून ते एका परीने बरंच झालं. पण ते मला घरी आल्यावर सुचलं. पिशवी मागितली. दिली. हिने आधी पिशवी बघितली.

जुन्यावर मेव्हण्याने मिंट कायमचं बसवलं आणि मी तो समितीला देऊन टाकला. शिफ्टचं सांगायला विसरलो. तिथे टंकायला बसतो तो माझाच विद्यार्थी; त्यालाही धर्म मीच शिकवलेला, उजव्या अक्षराला डावी करंगळी. परवा त्याने जत्रेच्या पत्रिकेचा मसुदा धाडला. ‘बव्य’ होतं, ‘पालकी’ होती, ‘महाप्रसादाचा लाब’ होता. आणि समितीने या खेपेला चूक भरून काढायचं ठरवलं होतं, त्यामुळे खाली ओळ होती, ‘आचार्यांचा सत्कार’.

मी नवा लॅपटॉप मांडीवर घेतला. डावी करंगळी टेकवली, टक्, आणि ऱ मारला. मग फोन लावून आचाऱ्यांना स्वतः सांगितलं की जत्रेला पहिल्या रांगेत बसायचं, बुवांच्या आधी उठायचं, शाल तुमचीच आहे.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

“बरें,” ते म्हणाले. “पूण मणगणें कोण रांदतलो?”