‘थोडे गोड चालते’ हा सल्ला कुत्र्याच्या जिवावर कसा बेततो

कुत्र्यांना गोड देऊ नये ही जुनाट समजूत आहे, असे सांगणारा एक दावा श्वानपालकांमध्ये सतत फिरत असतो. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: कुत्र्याला गोड आवडते, म्हणजे त्याच्या शरीराला ते हवे असते, कितीतरी कुत्री केक आणि चॉकलेट खाऊन सुखाने म्हातारी झाली, मध आणि फळे तर नैसर्गिकच आहेत, साखरेची भीती वाटत असेल तर शुगर-फ्री पदार्थ द्यावेत, आणि एवढे करून काही बाधलेच, तर कुत्रा ते आपोआप ओकून टाकतो. यात थोडे तथ्य मिसळलेले असल्यामुळे तो सहज पटतो. मात्र त्यातला शुगर-फ्रीचा सल्ला पाळला, तर धडधाकट कुत्रा दगावू शकतो.

आवडीचा मुद्दा आधी घेऊ. कुत्र्याच्या जिभेला गोड चव कळते, हे खरे आहे. मांजरात त्यासाठी लागणारे एक जनुक निकामी असते, कुत्र्यात ते शाबूत आहे. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रतीही कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे साखरेचा कणही विषासमान आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु चव कळते म्हणून गरज सिद्ध होत नाही. लागणारे ग्लुकोज कुत्र्याचे यकृत प्रथिनांपासूनही तयार करते, आणि निरोगी प्रौढ कुत्र्याला वरून साखर घालण्याचे काहीच कारण नसते. नसबंदी केलेल्या दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी पुरतात. जेवणाव्यतिरिक्तचा खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असे पशुवैद्य सांगतात, आणि तो सगळा वाटा सुमारे १५ ग्रॅम साखरेतच संपतो. उरलेली साखर चरबी होऊन अंगावर चढते. केकसारख्या पदार्थांत साखरेच्या जोडीला भरपूर स्निग्धांशही असतो, आणि असे तेलकट-तुपकट खाणे स्वादुपिंडाला सूज येण्याचे एक ओळखीचे कारण आहे.

‘आमच्या कुत्र्याला काही झाले नाही’ हा अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. चॉकलेटचेच पाहा. त्यातला घातक घटक साखर नसून थिओब्रोमिन हा आहे, आणि कुत्र्याच्या शरीरातून तो फार सावकाश बाहेर पडतो. शरीराच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेला, की उलट्या आणि अस्वस्थता सुरू होऊ शकते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडू लागतात आणि ६० च्या पुढे आकडी येऊ शकते. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते, तर डार्क चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून अधिक. म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याने मिल्क चॉकलेटच्या दोन वड्या पचवल्या, म्हणून पाच किलोच्या कुत्र्याला २० ग्रॅम डार्क चॉकलेट पचेल असे अजिबात नाही.

नैसर्गिक पदार्थांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मधाचा जवळजवळ चार पंचमांश भाग साखरच असतो. बिया काढलेल्या सफरचंदाच्या एखाददुसऱ्या फोडीला हरकत नाही. पण द्राक्षे आणि मनुके तितकेच नैसर्गिक असूनही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर तसे होईल याचा भरवशाचा हिशोब मांडता येत नाही.

शुगर-फ्रीचा सल्ला मात्र कोणीही कोणाला देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अशा अनेक पदार्थांत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ वापरतात: च्युइंगगम, गोळ्या, टूथपेस्ट, काही पीनट बटर. माणसाच्या स्वादुपिंडावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र त्यामुळे एकाएकी भरपूर इन्शुलिन सोडते आणि रक्तातली साखर कोसळते, बऱ्याचदा अर्ध्या ते एका तासात, तर च्युइंगगममधून सावकाश सुटल्यास काही तासांनी. कुत्रा ओकतो, झोकांड्या खातो, मलूल पडतो, त्याला झटके येतात. दर किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही हे घडू शकते, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. एका च्युइंगगममध्ये कधी कधी एक ग्रॅमपर्यंत झायलिटॉल असते. लहानखुऱ्या कुत्र्यासाठी तेवढे एकच पुरेसे ठरू शकते. वेष्टनावर ते ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ या नावानेही लिहिलेले असते. साखर टाळण्याच्या काळजीपोटी एखाद्याने नेमका हाच पदार्थ आपल्या कुत्र्याला भरवावा, याचे मला फार वाईट वाटते.

राहिला आपोआप ओकून टाकण्याचा भरवसा. झायलिटॉल इतक्या झपाट्याने रक्तात उतरते, की उलटी होईपर्यंत बराचसा भाग शोषला गेलेला असू शकतो. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकतो. कुत्र्याने असे काही खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा, कुत्र्याचे वजन आणि खाल्ल्याची वेळ सांगावी आणि पदार्थाचे वेष्टन सोबत न्यावे, कारण किती विष पोटात गेले याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.